धानाच्या देशात गोल्फची हिरवळ

पावसाळ्याच्या दिवसांत नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकत रायपूरकडे धावते, तेव्हा खिडकीबाहेर एकच रंग दिसतो. तो असतो धानाच्या बांधींचा हिरवा. छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात ते उगीच नाही. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता आणि रायपुरात महाराष्ट्र मंडळही आहे.

मात्र जुन्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर वसवलेल्या नवा रायपूरमध्ये हिरव्या रंगाची वेगळी छटा भेटते, ती गोल्फच्या मैदानाची. येथे २०२५ मध्ये 'छत्तीसगड ओपन' ही व्यावसायिक स्पर्धा झाली आणि अनेकांचे लक्ष प्रथमच या खेळाकडे गेले.

गोल्फची मैदाने मुख्यतः दोन तऱ्हांची. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवरची ती 'लिंक्स', तर समुद्रापासून दूर, झाडे, तळी आणि कातरलेली हिरवळ असलेली ती 'पार्कलँड'. दुसरी तऱ्हा पाहायला हौशी मंडळी इंग्लंडच्या ग्रामीण भागात जातात. बर्मिंगहॅमजवळचे 'द बेलफ्री' हे त्यातले नावाजलेले ठिकाण. १९८५ मध्ये येथेच रायडर चषकात युरोपने अमेरिकेला हरवले. अमेरिकेचा असा पराभव त्याआधी शेवटचा १९५७ मध्ये झाला होता. गंमत म्हणजे १९७७ मध्ये खुले झालेले हे मैदान ज्या जमिनीवर आखले गेले, तेथे पूर्वी बटाट्याची शेती होती!

आपल्याकडच्या मैदानांवरील गवताचीही अशीच गंमत आहे. इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेतले गवत आपल्या उन्हात तग धरत नाही. म्हणून भारतातील बहुतेक मैदानांवर 'बर्म्युडा' गवत लावतात. नाव परदेशी असले तरी ही आपली हरळीच! जिच्या दूर्वा गणपतीला वाहतो, तीच बारीक कातरून चेंडूखाली अंथरलेली असते, हे ऐकून घरची आजीही या खेळाकडे जरा आपुलकीने पाहील.

पण हिरवळ फुकट येत नाही. तिला उन्हाळ्यात रोज पाणी लागते आणि रायपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. तळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात पाण्याचे मोल सर्वांनाच ठाऊक आहे. जगात अनेक मैदानांवर प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतात. तोच मार्ग येथेही शहाणपणाचा.

दुसरा प्रश्न जमिनीचा. नवा रायपूर शेतकऱ्यांच्या जमिनींवर उभे राहिले आहे. मोबदला आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी २०२२ मध्ये तेथील शेतकरी कित्येक आठवडे धरणे धरून बसले होते. नव्या शहराचे रुंद रस्ते आणि बागा पाहताना याचा विसर पडू नये.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ मानला जातो. तरीही इंडियन ओपन २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकणारे शिवशंकरप्रसाद चौरसिया हे कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखणाऱ्या कामगाराचे चिरंजीव. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या त्या क्लबात त्यांनी खेळ शिकला तो इतरांचे पाहून पाहून.

रायपूरला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मैदान पाहण्यासाठी आधी परवानगीची चौकशी करावी, खेळणारा फटका मारताना शांत राहावे आणि चेंडूच्या वाटेत मुलांना धावू देऊ नये. त्याच फेरीत जंगल सफारी आणि 'पुरखौती मुक्तांगण'ही पाहून होते.

परतताना गाडीच्या खिडकीतून पुन्हा धानाच्या बांधी दिसू लागतात. अशाच बांधींत बापाबरोबर रोवणीला उभ्या राहणाऱ्या एखाद्या पोराच्या हाती उद्या गोल्फची काठी आली, तर नवा रायपूरची ही हिरवळ खऱ्या अर्थाने या मातीची झाली असे म्हणता येईल.