काचपेटीतील ऋतुमान

झाडबेडूक पाळण्याच्या कलेत पाळणाऱ्याच्या सर्वांत उशिरा लक्षात येणारी गोष्ट म्हणजे कोरडेपणाचे महत्त्व. बेडूक म्हटला की पावसाळा, चिखल आणि डबकी डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे टेरेरियम, म्हणजे जिवंत माती आणि झाडे असलेली काचपेटी, चोवीस तास दमट ठेवली की आपले काम झाले, असा नवख्या माणसाचा समज होतो. या समजापायी आजारी पडणाऱ्या बेडकांची संख्या उपासमारीने दगावणाऱ्या बेडकांहून पुष्कळ अधिक असावी, असे या छंदात मुरलेल्या कोणालाही वाटेल.

युरोप-अमेरिकेत हौसेने पाळला जाणारा ‘व्हाइटचा झाडबेडूक’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग हा त्याचा मूळ प्रदेश; त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन जॉन व्हाइट या शल्यवैद्याच्या 1790 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात आले आणि त्यावरून त्याला हे नाव पडले. पूर्ण वाढलेली मादी सुमारे 10 सेंटिमीटर लांबीची, हिरवी, जाडजूड आणि संथ असते. बोटांच्या टोकांना असलेल्या चकत्यांच्या आधाराने ती उभ्या काचेवर सहज चढते, आणि नीट सांभाळ झाला तर पंधरा वर्षांहून अधिक जगते. क्वीन्सलँडमध्ये हा बेडूक टपालपेटीत, पन्हळीत, शौचालयाच्या टाकीत हमखास आढळतो, आणि कोकणातल्या न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा आपल्याकडचा झाडबेडूक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही सवय अगदी ओळखीची वाटेल.

या बेडकाच्या मुलुखाचा उत्तर भाग मोसमी पावसाचा आहे. डार्विन शहराच्या परिसरात पावसाळा संपला की पुढचे अनेक महिने पावसाचा थेंबही क्वचितच पडतो, आणि तरीही हा बेडूक तेथे टिकून राहतो, कारण त्याची त्वचा बहुतेक बेडकांच्या त्वचेपेक्षा पाणी कमी वेगाने गमावते आणि दिवसा तो हातपाय पोटाखाली घट्ट दुमडून झाडाच्या ढोलीत निश्चल बसतो, म्हणजे हवेला उघडा पडणारा पृष्ठभागही कमी होतो. त्याच परिसरात झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे दिसून आले की कोरड्या ऋतूतल्या गार रात्री हे बेडूक बाहेर बसून थंड होतात, मग उबदार, दमट ढोलीत परततात आणि त्यांच्या गार अंगावर जे दव साचते ते त्वचेतून शोषून घेतात. ज्या प्राण्याने पाणी मिळवण्याची अशी युक्ती साधली आहे, त्याला सदासर्वकाळ भिजलेल्या पेटीत ठेवणे म्हणजे त्याच्या शरीराची घडणच न ओळखणे होय.

काचपेटीची कल्पना मुळात वनस्पतींसाठी जन्मली, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. लंडनचे वैद्य नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला असता त्या मातीत नेचा आणि गवत उगवले. दिवसा काचेवर साचणारे पाणी पुन्हा मातीत झिरपते आणि झाडे बाहेरच्या पाण्यावाचून जगतात, हे त्यांनी ओळखले. 1833 साली त्यांच्या पद्धतीच्या बंद पेट्यांतून झाडे थेट सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचली. नेच्याला मानवणारी ही बंद हवा बेडकाला मात्र घातक ठरते, कारण हवा खेळती नसेल तर त्वचेवर जीवाणू आणि बुरशी माजतात. म्हणूनच बेडकाच्या पेटीला वरच्या बाजूस जाळी आणि पुढच्या बाजूस खाली हवेसाठी फट असावी लागते, म्हणजे तळाशी शिरलेली हवा तापून वर निघून जाते. संध्याकाळी भरपूर फवारणी करून आर्द्रता, म्हणजे हवेतील बाष्पाचे प्रमाण, 80 टक्क्यांच्या आसपास न्यावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती 50 टक्क्यांच्या जवळ उतरू द्यावी. तापमान दिवसा 26 ते 28 अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून पाच-सहा अंशांनी कमी असावे. आर्द्रतामापक यंत्र जवळ असावेच, पण अनुभवी नजर आधी काच पाहते: दुपारीही काचेवरचे धुके विरले नसेल, तर यंत्राचा आकडा काहीही असो, हवा कोंडली आहे हे नक्की.

पेटीची जमीन रचण्यातही हाच विचार असतो. तळाशी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा चार-पाच सेंटिमीटरचा थर, त्यावर बारीक जाळी, जाळीवर कोकोपीट, वाळू आणि सालींचे तुकडे यांची माती, आणि सर्वांत वर सुकलेली पाने, अशी ही रचना असते. जादा पाणी गोळ्यांमध्ये उतरून राहते, त्यामुळे मुळे कुजत नाहीत आणि बेडकाच्या पायांखालची जमीन चिखल होत नाही. पानांखाली स्प्रिंगटेल नावाचे, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचे पंखहीन जीव सोडले की ते बुरशी आणि कुजका भाग खाऊन जमीन स्वच्छ ठेवतात. वनस्पतींची निवड करताना सौंदर्यापेक्षा वजनाचा विचार आधी करावा. नाजूक नेचे या बेडकाच्या एका रात्रीच्या फेरफटक्यात आडवे होतात, मनी प्लांट आणि सान्सेविएरिया मात्र त्याचा भार सोसतात.

पिण्याच्या पाण्याविषयी किंचितही ढिलाई चालत नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस असलेल्या पातळ त्वचेतून तो ते शोषतो, आणि त्याच वाटेने पाण्यातली विषारी द्रव्येही शरीरात शिरतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने काही काळाने उडून जाते, परंतु अनेक शहरांत पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरामाइन तसे सहज उडत नाही, त्यासाठी ते निष्प्रभ करणारे औषध टाकावे लागते. दिवे मालवल्यावर बेडूक पसरट भांड्यात उतरून मांड्या फाकवून बराच वेळ बसून राहतो, आणि बहुधा त्यातच मूत्रविसर्जनही करतो. त्यामुळे ते भांडे रोज रिकामे करून, साबण न लावता धुणे हे या कलेतले सर्वांत रुक्ष आणि सर्वांत आवश्यक काम ठरते.

आहाराचा भाग पाहण्यास मोठा रंजक आहे. रातकिडा हलला की फांदीवरचा स्थिर बेडूक मान न वळवता सगळ्या शरीरानिशी त्याच्या दिशेने वळतो, क्षणभर थांबतो आणि झेप घेतो. भक्ष्य तोंडात गेले की हातांनी ते आत ढकलतो आणि डोळे मिटून खोल ओढून घेतो, कारण आत गेलेले डोळ्यांचे गोळे टाळूवरून दाब देऊन घास घशात सरकवण्यास मदत करतात. रातकिड्यांमध्ये कॅल्शियमचे प्रमाण कमी असल्याने त्यांना कॅल्शियम आणि ड-3 जीवनसत्त्वाची भुकटी लावून देणे अनिवार्य असते, अन्यथा हाडे मऊ होऊन जबडा वाकडा होतो. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा मिळालेला आहार पुरतो. हा प्राणी मागेल तेवढे खातो, आणि लाडाने भरवत राहिले की त्याच्या डोळ्यांवरच्या वळ्या फुगून नजरेवर ओघळू लागतात. प्रेम आणि भरवणे यांचे जे नाते आपल्या घरांमध्ये रुजलेले आहे, ते या पेटीपुरते बाजूला ठेवावे लागते.

हाताळण्याच्या बाबतीतही तोच संयम हवा. माणसाच्या तळहातावरील क्षार, साबणाचा अंश आणि मलम यांपैकी काहीही त्या त्वचेला सोसत नाही; हाताळणे टळण्यासारखे नसेल तर निर्जंतुक, पाण्याने ओले केलेले हातमोजे घालावेत.

बेडूक कोठून आणला, हा प्रश्न या सर्वांइतकाच महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलिया आपल्या मूळच्या बेडकांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही. परदेशी बाजारातले प्राणी पाळीव प्रजननातून आलेले असतात किंवा इंडोनेशियातून, कधी थेट रानातून पकडून, आणलेले असतात. जबाबदार पाळणारा पहिला मार्गच स्वीकारतो. सह्याद्रीत हा छंद रुजवण्याच्या उत्साहात आंबोलीसारख्या ठिकाणचा मलबारी उडता बेडूक घरी आणण्याचा मोह कोणी बाळगू नये. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे बांधणाऱ्या आणि झाडावरून झाडाकडे तरंगत जाणाऱ्या त्या प्राण्याला कोणतीही पेटी पुरी पडणार नाही. शिवाय जगभरातील बेडकांचा संहार करणारी कायट्रिड ही बुरशी, जिची ओळख विज्ञानाला 1990 च्या दशकाच्या अखेरीस पटली, ती पाण्यावाटे पसरते, आणि पश्चिम घाटातील बेडकांमध्येही तिची नोंद झालेली आहे. त्यामुळे नवा बेडूक काही आठवडे वेगळा ठेवावा, पेटीतील मातीच्या थराखाली साचलेले पाणी काढल्यावर ते बागेत, ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात न ओतता ब्लीच मिसळून काही काळ ठेवावे आणि मगच सांडपाण्यात सोडावे, आणि पाळण्याचा कंटाळा आला किंवा घर बदलले तरी बेडूक मोकळा न सोडता दुसऱ्या जाणत्या हातांत सोपवावा.