युअर्स फेथफुली

आमच्या पिढीच्या मराठी शाळांत एबीसीडी पाचवीत भेटायची आणि इंग्रजी पत्रलेखन त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. रजेच्या अर्जाखाली ‘युअर्स ओबिडिअंटली’, पुस्तकं मागवायच्या पत्राखाली ‘युअर्स फेथफुली’, मित्राला ‘युअर्स लव्हिंगली’, असं सरसकट पाठ. ‘युअर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी घुसवली की अर्धा मार्क गेलाच. ती घुसवणारे आजही थोडेथोडके नाहीत.

नियमातली खोच कळली ती टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. पत्राचा शेवट मायन्यावर ठरतो. वर नुसतं ‘डिअर सर’ असेल तर खाली ‘फेथफुली’. नावानिशी हाक मारली असेल तर ‘सिन्सिअरली’. ही रीत इंग्रजांची. अमेरिकन माणूस ‘सिन्सिअरली’ कुठेही चालवतो. फाउलरने 1926 सालच्या ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’मध्ये ओळख किती, त्यावरून अशा समाप्तींची उतरंडच लावून दिली आहे. ‘तीर्थरूपां’ना शिरसाष्टांग नमस्कार आणि ‘चिरंजीवां’ना अनेक आशीर्वाद लिहिणाऱ्या आमच्या घरात त्याचं कुणाला नवल वाटलं नसतं.

सरकारी कचेरीत तर हा नियम रोज हाताखालून जायचा. साधं शासकीय पत्र ‘सर’ने सुरू होऊन ‘फेथफुली’वर संपे. अर्धशासकीय, म्हणजे डी.ओ. पत्र मात्र नावाने, प्रथमपुरुषी, आणि खाली ‘सिन्सिअरली’. आमचे एक साहेब डी.ओ. टाइप करायला देताना मायन्याची आणि समाप्तीची जागा कोरी ठेवायला सांगत. मग शाईच्या पेनाचं टोपण काढून ‘माय डिअर’ अमुक, खाली ‘युअर्स सिन्सिअरली’ आणि सही. शाई वाळेपर्यंत कागद तसाच हातात धरून बसत. महिनोन्महिने अडलेली फाइल त्या दोन ओळींनी हलायची. पदाला आलेलं पत्र तिकडचा अधिकारी खाली ढकलू शकत होता. स्वतःच्या नावाने आलेलं कुणावर ढकलणार?

गांधीजींनी जुलै 1939मध्ये वर्ध्याहून हिटलरला लिहिलेलं पत्र ‘मित्र’ अशा संबोधनाने सुरू होतं, आणि सहीसुद्धा मित्र म्हणूनच आहे. मजकूर पटो न पटो, मायना आणि समाप्ती एकमेकांना धरून आहेत!

आता ‘रिगार्ड्स’ने सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलंय. त्याचा मला राग नाही. वैताग येतो तो बँकेच्या मेलचा. वर माझं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, खाली ‘युअर्स सिन्सिअरली’. नियमाने बिनचूक. पण ते नाव कुणी आठवून लिहिलेलं नसतं, यंत्राने यादीतून उचललेलं असतं. नाव घेणाऱ्याला माणूसही ठाऊक असणार, या भरवशावर तो नियम उभा होता. म्हणून अशा मेलला उत्तर देताना, त्याच्या तळाशी कुणाचं नाव छापलेलं असलं तरी, मी ‘डिअर सर ऑर मॅडम’ असंच सुरू करतो आणि ‘युअर्स फेथफुली’ने संपवतो. लगेच पोच येते, पुन्हा वडिलांच्या नावासकट.