ओल

परदेशी ख्रिस्ती मासिकांत सप्टेंबर-ऑक्टोबर आला की एक ठरलेलं चित्र असतं. लाल-पिवळी पानं, धुकं, खिडकीशी वाफाळता कप आणि खाली एखादं वचन. हल्ली तेच चित्र कॅनडातल्या भाचीकडून माझ्या मोबाइलवर येतं. झाड जशी पानं सोडून देतं तसं आपणही सोडून द्यायला शिकावं, असा त्यातला बोध. बोध चांगलाच आहे. पण आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) ऑक्टोबरात पानं गळत नाहीत. कडुलिंब, चिंच हिरवीगार असतात. पाऊस उघडलेला असतो, आकाश धुवून काढल्यासारखं दिसतं आणि दुपारचं ऊन डोक्यात जातं. आमची पानगळ येते ती पुढे, शिशिरात.

मग आमच्या शरदानं विश्वासणाऱ्या माणसाला काय शिकवावं? गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्या मनात आहे. जे थोडंफार उत्तर सापडलं ते शाळूच्या रानात सापडलं. ते आज लिहावं म्हणते. वाचकहो, जरा सावकाश वाचा, कारण विषयच सावकाशीचा आहे.

शहरातल्या वाचकांसाठी आधी शाळूबद्दल सांगते. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. तिची गंमत अशी की ती पाऊस संपता संपता पेरतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. आमच्या ख्रिस्ती घरांतही शेतीचा हिशेब नक्षत्रांवरच चालतो बरं का! हत्तीचा पाऊस पडून गेला की पुढचे चार-पाच महिने आभाळाकडे बघण्यात अर्थ नसतो. जिराईत रानाला विहिरीचं पाणीही नसतं. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये मोत्यासारखी कणसं उभी राहतात. हे पीक जगतं कशावर? काळ्या खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर. मुळं त्या ओलीच्या मागे खाली खाली जातात. आमच्याकडची आवडती मालदांडी ३५-१ ही जात १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक ज्वारीतूनच निवडून काढलेली. इतक्या नव्या जाती आल्या, तरी भाकरी मालदांडीचीच म्हणणारे अजून पुष्कळ आहेत.

हे सारं मला आमच्या ह्यांनी सांगितलेलं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. व्याकरणातल्या विभक्ती मला ठाऊक, रानातल्या नाहीत. निवृत्तीनंतर हे गावाकडचं तीन एकर रान धाकट्या दिरांबरोबर करू लागले आणि रात्री जेवताना ओल, वाफसा, कोळपणी असे शब्द घरात येऊ लागले. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हे प्रभूकडे गेले. सात दिवस दवाखान्यात होते. भेटता आलं नाही. दफनाला मोजकी चार माणसं होती. गीत नाही, मंडळी नाही. पाळकसाहेबांनी दुरूनच प्रार्थना केली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी प्रार्थना आटली. देवावर राग होता असं नाही. रागासाठी सुद्धा अंगात थोडी धग लागते. सकाळी पवित्र शास्त्र उघडायची, ओळी डोळ्यांपुढून जायच्या आणि मागे काही उरायचं नाही. फोनवर सांत्वन येत होतं. "देवाची इच्छा." "बाई, तुम्हीच खचलात तर कसं?" "ते आता चांगल्या ठिकाणी आहेत." सांगणारी माणसं मायेची होती आणि शब्दही खोटे नव्हते. पण भेगाळलेल्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओतावं तसं ते कुठे जायचं कळत नसे.

त्या दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी यायची. आता तीही आजी झाली आहे. यायची, पाटावर बसायची, पिशवीतली मेथीची जुडी काढायची आणि निवडायला लागायची. मीही हात लावायची. तासाभरात आम्ही चार वाक्यं बोलत असू. जाताना "येते बाई" एवढं म्हणून निघायची. निवडलेली मेथी माझ्या ओट्यावर ठेवून.

पुढे एकदा एलीया संदेष्ट्याची कथा वाचताना मला ती आठवली. १ राजे, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा, पण थकून झुडपाखाली आडवा झाला आणि मरण मागू लागला. देवानं दूत पाठवला. दूतानं त्याला उपदेश केला नाही. त्याच्या उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, उठून खायला सांगितलं आणि परत झोपू दिलं. तेही एकदा नाही, दोनदा. प्रश्न नंतर विचारले गेले, तेही पुष्कळ चालून झाल्यावर. नव्या करारात पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जवळ उभं राहण्यासाठी बोलावलेला, असा आहे. आपण मंडळीत ज्याला उत्तेजन म्हणतो तो ग्रीक शब्दही त्याच धातूतला. म्हणजे उत्तेजन हे आधी शेजारी बसणं आहे, बोलणं मागाहून. मेथी निवडणारीला ग्रीक येत नव्हतं, पण अर्थ पक्का ठाऊक होता.

२०२१ च्या ७ ऑक्टोबरला राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. घटस्थापनेचा दिवस होता तो. शेजारच्या देवळातून आरती ऐकू येत होती. त्या रविवारी आम्हीही तोंडाला मास्क लावून, एकाआड एक जागा सोडून उपासनेला बसलो. मला वाटलं होतं, चर्चमध्ये पाऊल टाकताच काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. आमच्या नेहमीच्या बाकावर डाव्या हाताला जागा मोकळी होती, एवढंच जाणवत राहिलं.

त्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला. "वहिनी, शाळू पेरायचाय. दादा नाहीत, तर तुम्ही तरी बांधावर उभ्या राहा." गेले. ट्रॅक्टर आणण्याआधी भाऊजींनी वरची सुकी ढेकळं बाजूला केली, कोपरापर्यंत हात मातीत घातला आणि मूठभर माती वर काढली. मुठीत दाबली तर तिचा लाडू झाला. तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बघा. वर धूळ उडतीय, पण खाली ओल हाय. आता पाऊस नाही आला तरी चालंल."

मी तो गार गोळा किती तरी वेळ हातात धरून उभी होते.

घरी आल्यावर ठरवलं की रोज भराभर अध्याय उरकायचे नाहीत. मोतीबिंदूमुळे तशीही डोळ्यांना घाई झेपत नव्हती. भिंग घेऊन रोज चार-पाच ओळी, त्याही मोठ्यानं. सुरुवात विलापगीतापासून केली, कारण त्या पुस्तकाला हसरा चेहरा लागत नाही. सावकाश वाचलं आणि टिपणांचा आधार घेतला तेव्हा एक गोष्ट कळली, जी चाळीस वर्षं फळ्यावर अक्षरं काढणारीला फारच भावली. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं आहेत. या पुस्तकात पाच अध्याय आहेत आणि पहिल्या चार अध्यायांची रचना त्या अक्षरांच्या क्रमानं केली आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत २२ ओव्यांसारखी २२ वचनं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. यरुशलेम जळून गेलं आहे, लेकरं उपाशी आहेत, आणि कवी अ, आ, इ, ई करत रडतो आहे! शोकाला त्यानं एक एक अक्षराची पायरी करून दिली आहे. देवाची दया रोज सकाळी नवी असते, हे आपण भिंतीवर लावतो ते वचन तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या मधोमध येतं. शेवटी नाही. त्यानंतरही पुष्कळ रडणं आहे आणि पुस्तक संपतं ते जवळजवळ प्रश्नावर. आशेचं वचन रडण्याच्या पोटात आहे. वर धूळ, खाली ओल.

पेरणीनंतर मी अधूनमधून रानात जात राहिले. तेव्हा कोळपणीचा अर्थ कळला. पेरणीनंतर साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात शाळूच्या ओळींमधून कोळपं फिरवतात. मला वाटायचं, हे फक्त तण काढण्यासाठी. भाऊजी म्हणाले, "तण निघतंच, पण खरं काम भेगा बुजवायचं." काळी जमीन सुकू लागली की तडकते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, ओल आत राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी दिल्यासारखं, असं शेतकरी मानतात. आता पाहा, कोळप्यातून पाण्याचा एक थेंबही पडत नाही. ते फक्त आहे ती ओल जाऊ देत नाही.

माझ्या आटलेल्या प्रार्थनेकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहू लागले. सकाळच्या चार ओळी, संध्याकाळी दिवा लावल्यावर प्रभूची प्रार्थना, रविवारी बाकावर जाऊन बसणं, आजारी माणसाकडे डबा नेणं. यातल्या कशानंही पाऊस पडत नव्हता. डोळे भरून येत नव्हते, अंगावर रोमांच नव्हते. पण ही कोळपणी होती. आईनं लहानपणी पाठ करून घेतलेली स्तोत्रं, ह्यांच्याबरोबर पन्नासेक वर्षं म्हटलेली गीतं, जुन्या पाळकांची प्रवचनं... पूर्वी पडून गेलेला कितीतरी पाऊस माझ्या आत मुरलेला होता. तो उडून जाऊ नये एवढंच माझ्या हाती होतं.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला आहे. पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत तो भूमीच्या मोलवान पिकाची धीरानं वाट पाहतो, असा त्याचा आशय. मी शाळेत असल्यापासून पहिला पाऊस म्हणजे आपला मृगाचा, असं चित्र डोळ्यांपुढे आणत आले होते. पण पॅलेस्टाइनमध्ये उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो आणि पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो. तो पडला की जमीन नरम होते आणि पेरणी सुरू होते. शेवटला येतो मार्च-एप्रिलात, दाणा भरताना. म्हणजे त्यांचा पेरा शरदातलाच. त्यांच्याकडे तेव्हा पाऊस सुरू होतो, आमच्याकडे तो संपतो. पण मूठभर दाणे घराबाहेर नेऊन मातीत घालायचा तो दिवस दोघांचाही जवळपास एकच. वाट पाहणं म्हणजे हात जोडून बसणं नव्हे, हे त्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आमच्या नगरनं ही वाट पाहणारी माणसं पाहिली आहेत. रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लिहिणं-वाचणं लग्नानंतर घरीच शिकलेल्या बाई त्या. नवऱ्याच्या अपुऱ्या कामापुढे बसून एक एक ओळ पुढे नेणारी ती विधवा माझ्या डोळ्यांपुढे येते, तेव्हा तीन एकर रानाच्या बांधावर उभं राहणं मला काही जड वाटत नाही.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की ओल असली की पीक येतंच. तसं नाही. २०२३ साली पाऊस ओढ देऊन गेला. खाली ओल पुरेशी नव्हतीच. शाळू गुडघ्याच्या वर गेला आणि थांबला. कणसं पोचट. थोडा कडबा हाती आला तेवढाच. त्या वर्षी मी हबक्कूक वाचला. अंजीर फुललं नाही, शेतानं अन्न दिलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं म्हणणारा तो संदेष्टा. 'तरी' हे एवढंसं अव्यय! वर्गात मी ते कितीदा शिकवलं असेल. पण त्याला किती वजन पेलावं लागतं हे रिकाम्या कणसांसमोर उभं राहिल्यावर कळलं. पुढच्या वर्षी भाऊजींनी बियाणं विकत आणलं आणि हस्तात पुन्हा पेरलं.

माझं दुःख गेलं का, असं कोणी विचारलं तर नाही. डाव्या हाताची जागा मोकळीच आहे. गीताच्या तिसऱ्या कडव्याला ह्यांचा सूर नेहमी घसरायचा, तिथे अजूनही माझा आवाज अडतो. पण आता मी त्या अडण्याला घाबरत नाही. पुनरुत्थानाची आशा म्हणजे दुःख पुसणारं फडकं नव्हे. ती खोल ओल आहे. आज डोळ्यांना दिसत नाही, पण मुळं तिकडेच जात आहेत.

तुमच्यापैकी कोणाचा सध्या कोरडा काळ चालू असेल, तर मोठ्या पावसाची वाट बघत स्वतःला दोष देत बसू नका. रोज चार ओळी वाचा, त्याही सावकाश. जमलं तर कोणाच्या तरी शेजारी जाऊन मेथी निवडा. आणि अधूनमधून वरची धूळ बाजूला करून आत हात घालून पाहा. पुष्कळदा वाटतं त्यापेक्षा ओल जास्त असते.

यंदा आमच्याकडे पेरा झाला आहे. आठ दिवसांत कोंब वर येतील. पुढच्या महिन्यात कोळपणी.