आपली टीम होय का?

२०१८ सालची पहिली रात्र मी कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावात, नाटकाच्या पेंडॉलमध्ये काढली. धान निघून गेलेली बांधी, खाली तणसावर अंथरलेल्या ताडपत्र्या, बायकापोरांच्या अंगावर दुलया, आणि दोन अंकांच्या मध्ये माइकवरून चाललेली बक्षिसांची पुकार. अमुक गावच्या सरपंचांकडून गायिकेला शंभर रुपये, तमुक पाहुण्यांकडून विनोदी नटाला पन्नास. त्याच ओघात निवेदकाने सांगून टाकलं, की आज इंदूरला विदर्भाच्या टीमने दिल्लीला हरवून रणजी ट्रॉफी जिंकली. टाळ्या वाजल्या. शेजारी कानाला दुपट्टा बांधून बसलेला म्हातारा माझ्याकडे वळला.

"हे आपली टीम होय का, बाप्पा?"

"हो मामाजी, आपलीच," मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली, पडदा वर गेला आणि तो पुन्हा नाटकात बुडाला. मी मात्र पहाटेपर्यंत नाटकात शिरू शकलो नाही. इतक्या चटकन 'आपलीच' म्हणालो, ते कशाच्या बळावर?

आमचं वडसा वैनगंगेच्या अलीकडे. पूल ओलांडला की ब्रह्मपुरी, मग नागभीड, भिवापूर, उमरेड आणि दीडशेच्या आसपास किलोमीटरवर नागपूर. टीम निवडली जाते तिथे, खेळते तिथे. विदर्भाच्या टोपीखाली वडशाचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. आम्ही चांदा जिल्ह्याचे होतो, १९८२ साली गडचिरोलीचे झालो. कागदावरचे पत्ते बदलले, तहसील-कचेऱ्या बदलल्या. विदर्भ हे एक नाव तेवढं जन्मापासून तसंच राहिलं. त्या नावाची एक टीम आहे, हे मला पेपरातून कळलं. दुपारी हाती येणाऱ्या पेपरात खेळाचं पान, त्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात धावफलक, आणि बहुतेक वेळा त्यावर पराभवाचा मथळा. वर्गातली बाकीची पोरं मुंबईच्या खेळाडूंची चित्रं वहीला चिकटवायची. मी तो बारीक टाइप वाचायचो. हरणाऱ्यांची नावं मला पाठ होती.

विदर्भ १९५७-५८ च्या हंगामात पहिल्यांदा रणजी खेळला. ट्रॉफी हाती यायला साठ वर्षं लागली. त्या आधी आमच्या मातीतला सगळ्यात मोठा खेळाडू दुसऱ्याच्या नावाने मोठा झाला होता. सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, १८९५ साली नागपुरात जन्मले. पण त्यांची कीर्ती इंदूरच्या होळकर संघाशी जोडली गेली. म्हणून २०१८ च्या एक जानेवारीला विदर्भाने ट्रॉफी उचलली ती इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, याचं मला फार अप्रूप वाटलं. कधीकाळी घरातून गेलेलं काहीतरी परत आल्यासारखं.

तो हंगाम मला अजून चेंडूगणिक आठवतो. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकाला फक्त पाच धावांनी हरवलं. रजनीश गुरबानी, शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, त्याने त्या सामन्यात बारा बळी घेतले. आणि अंतिम सामन्यात दिल्लीच्या पहिल्या डावात हॅटट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी हॅटट्रिक घेतली होती, १९७२-७३ मध्ये. मग अक्षय वाडकरच्या १३३ धावा, विदर्भाचा ५४७ चा डाव, आणि शेवटी वसीम जाफरच्या बॅटमधून सटासट निघालेले चौकार. कप्तान फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

आता इथेच लोक हटकतात. जाफर मुंबईचा. पंडित मुंबईचे. ही कसली आपली टीम?

आमच्याकडे धान निघालं की टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. त्यांच्या पत्रकावर पहिला नियम ठरलेला असतो: एका गावाचा एक संघ, आधार कार्ड आवश्यक. नियम चांगला आहे, नाहीतर पैसेवाला माणूस चार तालुक्यांतले हाणामारी करणारे गोळा करून बक्षीस नेईल. पण त्याच महिन्यात, त्याच गावात, कदाचित त्याच बांधीत नाटक लागतं, आणि तिथे आधार कार्ड कोणी विचारत नाही. वडसा झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र आहे. दिवाळीच्या सुमाराला इथे नाटक कंपन्यांच्या पाट्या लागतात, गावोगावची मंडळं बुकिंगला येतात आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने होळीपर्यंत रोज कुठे ना कुठे पडदा वर जातो. हा चोख व्यवसाय आहे. रात्रीचा मेहनताना ठरतो, गाड्या ठरतात, तारखा ठरतात. कलावंत मुंबई-पुण्याहूनही येतात, आणि इथलेही असतात. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना याच मंचावरच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. यंदा या कंपनीत असलेला खलनायक पुढच्या साली त्या कंपनीत दिसतो. चहाच्या टपरीवर दिवाळीआधी चर्चा असते ती हीच: औंदा कोण कोणाकडे गेला? राग कुणालाच येत नाही. पाहणारा एकच गोष्ट पाहतो. रात्री दहाला उभा राहिलेला माणूस पहाटे चारला, समोर अर्ध्या माना पेंगत असताना, तेवढ्याच ताकदीने संवाद म्हणतो की नाही. म्हणत असेल तर तो आमचा. त्याचं गाव मग आम्ही कौतुकाने विचारतो, हिशेबाने नाही.

रणजीचा मोसमही नेमका याच महिन्यांत असतो. धान कापणीला सुरू होऊन मोहफुलं पडायच्या सुमाराला संपणारा. त्यामुळे माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कायमच्या एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि बाहेरच्या-घरच्या खेळाडूंचा वाद मी झाडीपट्टीच्या मापानेच मोजतो. त्या मापाने जाफर आमचा आहे. २०१८-१९ च्या हंगामात चाळीस वर्षांच्या वयात त्याने विदर्भासाठी १०३७ धावा केल्या. ध्रुव शोरी तर इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात आमच्याविरुद्ध दिल्लीकडून १४५ धावा करून गेला होता; पुढे तोच विदर्भाचा डाव सुरू करायला उतरू लागला. करुण नायर कर्नाटकाचा, भारतासाठी कसोटीत त्रिशतक ठोकलेला. कर्नाटकाच्या संघात जागा उरली नाही तेव्हा तो इकडे आला आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा करून पुन्हा आपल्या घरी गेला. दोन हंगामांची पाहुणाई. पण अशी पाहुणाई की मागे घर रिकामं वाटावं.

या मापाची खरी परीक्षा मात्र आदित्य सरवटेने घेतली.

२०१९ च्या फेब्रुवारीत सौराष्ट्राविरुद्धचा अंतिम सामना नागपूरजवळच्या जामठ्याला होता. मी नागभीडहून छोट्या लाइनच्या गाडीने इतवारीला उतरलो, भाच्याकडे मुक्काम केला. (ती गाडी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, लाइन रुंद करायची म्हणून, बंद झाली. तिच्या खिडकीतून दिसणारी उमरेडकडची पळसाची झाडं आता बसमधून तशी दिसत नाहीत.) चौथ्या दिवशी सौराष्ट्राला जिंकायला २०६ धावा हव्या होत्या आणि त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा होता. पुजारा खेळायला आला की दोन दोन दिवस हलत नाही, हे अख्ख्या देशाला माहीत. सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीने त्याला पहिल्या डावात एका धावेवर काढलं होतं. दुसऱ्या डावात शून्यावर पायचीत. माझ्या मागे बसलेल्या एका पोलीस शिपायाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी थापेचं नव्हतं. सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले. दुसऱ्या दिवशी विदर्भ ७८ धावांनी जिंकला, लागोपाठ दुसऱ्यांदा. त्याच महिन्यात इराणी चषकही जिंकला आणि त्या बक्षिसाची रक्कम पुलवामात शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबांना दिली. आमच्या जिल्ह्याने सुरुंगात उडालेल्या गाड्या पाहिल्या आहेत, गणवेशातल्या पोरांच्या अंत्ययात्रा पाहिल्या आहेत. ते देणं इथे नीट पोचलं.

मग २०२५. पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा जामठा, पुन्हा अंतिम सामना. समोर केरळ, पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला. आणि केरळच्या कपड्यांत आदित्य सरवटे. तिसऱ्या दिवशी मी मैदानात होतो. ज्या खेळपट्टीवर त्याने आम्हाला ट्रॉफी मिळवून दिली, तिच्यावर तो आमच्याविरुद्ध बॅट घेऊन उभा होता, आणि हलत नव्हता. ७९ धावा झाल्या तेव्हा हर्ष दुबेने त्याला बाद केलं. हर्षही डावखुरा फिरकीवाला, सरवटे गेल्यावर ज्याने ते काम उचललं तो. त्याच दिवशी हर्षने हंगामातला ६९ वा बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला. सरवटे परत निघाला तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या. पलीकडे बसलेला कॉलेजातला पोरगा म्हणाला, "काकाजी, थो त आता केरळचा होय ना!" मी म्हणालो, "बाप्पा, आमच्याकडे कंपनी बदलली म्हणून नट परका होत नाही."

केरळचा डाव ३४२ वर संपला. आपले ३७९. त्या सदतीस धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा ट्रॉफी घेतली, कारण सामना अनिर्णित राहिला. काही जणांना ही जीत फिकी वाटली. मला वाटली नाही. पहिल्या दिवशी तीन बाद चोवीस अशी दशा असताना नायर आणि एकवीस वर्षांचा दानिश मालेवार यांनी दोनशेवर धावांची भागीदारी केली होती. दानिशचा पहिलाच रणजी हंगाम, आणि अंतिम सामन्यात १५३. त्या सदतीस धावा त्या भागीदारीत आहेत. धान पिकवणाऱ्या माणसाला पहिल्या पंधरा दिवसांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. रोवणी साधली तर साल साधतं.

पण मला विचाराल तर या टीमचा सर्वांत मोठा दिवस जिंकलेला नाही. १४ मार्च २०२४, वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना, समोर मुंबई. विदर्भाला ५३८ धावा हव्या होत्या, म्हणजे अशक्य. शेवटच्या दिवशी सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उभे होते. पूर्ण सत्र गेलं, एकही बळी नाही. जेवणाच्या वेळी ५ बाद ३३३. दुकानात माझ्याकडे झेरॉक्सला आलेली माणसं झेरॉक्स घेऊनही जाईनात. वाडकरचं शतक झालं, मग जेवणानंतर तो पायचीत झाला आणि पुढे सगळं तासाभरात ढासळलं. १६९ धावांनी हार. ज्या वयात मी बारीक टाइपातले पराभव वाचायचो, त्या वयाच्या माझ्या मुलाने त्या दिवशी वाडकरचं नाव वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. मुंबई जिंकली आणि वहीवर विदर्भाचा कप्तान. एवढा बदल माझ्या एका आयुष्यात झाला.

आयपीएलमध्ये विदर्भाची टीम नाही याची खंत पुष्कळांना वाटते. मला वाटत नाही. तीन तासांत संपणारं नाटक चांगलं असू शकतं, आणि अमरावतीच्या जितेश शर्माला तिथे फटके मारताना पाहून माझीही छाती फुगते. पण आम्हाला पहाटेपर्यंत बसायची सवय आहे, आणि खेळाडूची जात चार-पाच दिवसांत कळते. लिलावातून आलेल्या टीमला कुणी विदर्भाचं नाव दिलं तर मी पाहीन. तिच्यासाठी नागपूरची बस पकडणार नाही.

माझी खंत वेगळी आहे. संध्याकाळी मी स्टेशनापलीकडच्या बांधीत पोरांचा खेळ बघत बसतो. धानाचे खुंट उपटून केलेली पट्टी, बांधीची धुरं हीच सीमारेषा. एक पोरगा आहे, आई धानाच्या गिरणीत जाते, वय असेल चौदा. टेनिस बॉलने असा आत आणतो की मोठी पोरं पाय मागे घेतात. त्याने लेदरचा चेंडू एकदाच हातात घेतलाय. टर्फची खेळपट्टी पाहिलेलीच नाही. विदर्भाची पहिली कसोटी टोपी उमेश यादवला मिळाली, २०११ च्या नोव्हेंबरात, आणि तो वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. तो वेगात टाकत होता, कुणीतरी पाहिलं, कुणीतरी बोलावलं. भारती फुलमाळी अमरावतीहून भारताच्या संघात गेली. वलनी नागपूरला लागून आहे, अमरावतीला मैदानं आहेत. वडशासाठी मात्र पाहणाऱ्याची नजर वैनगंगा ओलांडून इकडे यावी लागते.

म्हणून विदर्भ क्रिकेट संघटनेकडे माझं एक मागणं आहे. वैनगंगेच्या या तीरावर एक टर्फची खेळपट्टी करा. रणजी नको, चौदा किंवा सोळा वर्षांखालच्या पोरांचा एक सामना दर मोसमात इथे खेळवा. मंडप आम्ही घालू. जेवण आम्ही करू, गावभर घालू. माइकवाला आमच्याकडे आहे, आणि त्याला धावफलक पुकारायला फार आवडेल.

आणि तुम्ही, जे हे वडशात, आरमोरीत, कुरखेड्यात वाचत असाल, ते यंदाच्या मोसमात एक दिवस तरी निघा. पहाटेची नागपूरची बस धरा, तिथून बुटीबोरीकडे जाणाऱ्या बसने जामठ्याला उतरा. चाळीस हजारांवर माणसं मावतील एवढं मैदान आहे आणि रणजीच्या दिवशी बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. सामना साडेनऊला सुरू होतो. तिकीट लागत नाही.