कापलेल्या धाग्याचे टोक

साडी घेताना आपण काय पाहतो? पदर पाहतो, काठ पाहतो, पोत चिमटीत धरून पाहतो. चादर घेताना रंग जाणार नाही ना, हे दोनदा विचारतो. कापडाची अगदी शेवटची कड मात्र सहसा कोणी पाहत नाही. पण कडेवरून नुसते बोट फिरवले, तरी ते कापड कोणत्या मागावर विणले गेले असेल, याचा बराचसा अंदाज येतो. हे मला पुस्तकाने नव्हे, माझ्या आत्याने शिकवले.

आत्या इचलकरंजीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे गावाचे नाव मागांच्या खडखडाटाशी कायमचे जोडले गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जात असू. तिच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. आम्हाला आधी वाटे, भांडण चालले आहे. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, एका कारखान्यात चार माग सांभाळत. वर्षानुवर्षे त्या आवाजात राहून त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. आत्या त्याच कारखान्यात कांड्या भरत असे.

कांडी म्हणजे काय, हे कळायचे तर कापडाची घडण कळायला हवी. कापडात उभे धागे असतात, तो ताणा. आणि आडवे असतात, तो बाणा. ताणा बीमवर गुंडाळलेला, ताठ बसलेला. बाण्याला मात्र सतत धावावे लागते. जुन्या मागावर हे धावण्याचे काम धोटा करतो. त्याच्या पोटात सूत भरलेली कांडी असते. धोटा डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडे येतो आणि धागा मागे सोडत जातो. कडेला आला, की धागा तुटत नाही, वळतो. म्हणून जुन्या मागाच्या कापडाची कड आपोआप बंद होते, हाताला गुळगुळीत लागते.

भरलेली कांडी काही मिनिटांतच रिकामी होई. मग मामा माग थांबवत, धोटा बदलत, पुन्हा चालू करत. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, त्याला तिकडे ‘पीक’ म्हणतात. मजुरी ठरते ती मीटरवर आणि पिकावर. म्हणजे बाण्याचा एकेक धागा हा घरातल्या पिठामिठाचा हिशोब होता. कांडी सैल भरली, तर सूत ढासळून गुंता होई. फार आवळून भरली, तर धागा तुटे. दोन्हीकडून माग बंद आणि मजुरी बंद. आत्या नुसत्या अंगठ्याने दाबून कांडी कशी भरली आहे, ते सांगत असे.

या आडव्या धाग्याने जगभर माणसांना राबवले आहे. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या जॉन के यांनी १७३३ मध्ये धावता धोटा आणला आणि विणण्याचा वेग वाढला. पुढे तिथल्या गिरण्यांत धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढण्यासाठी विणकर बाया भोकाला तोंड लावून तो ओढून घेत. तोच धोटा अनेकींच्या तोंडी जाई. सुताची धूळ छातीत जाई, एकीचा आजार दुसरीला लागे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये या प्रकाराला बंदी घातली. खुद्द लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले.

आत्याच्या कारखान्यात २००८ साली जुने माग निघाले आणि बिनधोट्याचे माग आले. केंद्र सरकारने १९९९ पासून नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी योजना सुरू केली होती, त्यामुळे मालकांना धीर आला होता. धोटाच गेला, तिथे कांडी कशाला हवी? सुताचा मोठा कोन थेट मागाशेजारी बसू लागला. कांड्या भरणाऱ्या बायांचे काम एका आठवड्यात संपले.

पुढे पत्रकारितेची पदविका घेऊन नोकरीला लागल्यावर मी असा माग मुद्दाम पाहून आले. हवेच्या झोतावर चालणारा तो एअरजेट माग होता. कोनावरचे सूत आधी एका छोट्या ढोलावर मोजून गुंडाळले जाते. एका फेऱ्याला हवा तेवढाच धागा सुटतो आणि हवेचा झोत त्याला पलीकडे उडवतो. वाटेत लहान लहान नळ्या त्याला पुढे ढकलत राहतात. पलीकडे धागा पोहोचला नाही, तर माग आपण होऊन थांबतो. पोहोचला, की फणी त्याला कापडाला घट्ट ठोकते आणि त्याच क्षणी कात्री अलीकडचे टोक कापते. मिनिटाला सहाशे धागे, म्हणजे सेकंदाला दहा वेळा कात्री!

मला तिथल्या जॉबरने समजावून सांगितले, “ताई, सगळा खेळ कात्रीच्या वेळेचा आहे. लवकर चालली, तर धागा सैल पडतो. उशिरा चालली, तर ओढ बसते. आणि धार गेली, तर टोक पिंजतं, पुढचा धागा नीट उडत नाही.”

आता प्रत्येक धागा दोन्हीकडून सुटा. मग कापड उसवत का नाही? त्याचीही सोय केलेली असते. कडेला दोन उभे धागे एकमेकांना वेढा घालत त्या टोकांना मधे आवळून धरतात. काही मागांवर कापलेले टोक आत दुमडून पुढच्या धाग्याबरोबर विणले जाते. बाहेर उरलेली झालर वेगळी कापली जाते आणि तिची लांबच लांब चिंधी खाली पेटीत पडत राहते.

ती चिंधी आता आत्याच्या घरात येते. शेजारणीबरोबर ती किलोवर विकत आणते आणि पायपुसणी विणते. मी विचारले, “आत्या, कांड्यांएवढे पैसे मिळतात का गं?”

“कुठलं मिळत्यात! पर हाताला काम हाय की,” ती म्हणाली. मग माझ्या ओढणीची कड चिमटीत धरून तिने सांगितले, “ही बिनधोट्याची हाय बघ. झालर लागतीया.”

नव्या मागांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्यावर कापड जास्त निघते, सारखे निघते आणि धोट्याचा तो कान फाडणारा ठोका तिथे नाही. मामांचे कान शाबूत राहिले असते, तर मी त्या यंत्राला हातच जोडले असते. पण एक गोष्ट मनातून जात नाही. सेकंदाला दहा वेळा कापायचे ठरवले, तेव्हा प्रत्येक टोक कोण धरून ठेवील, याचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी आधी केला. त्या आठवड्यात कामावरून सुटलेल्या बायांचे टोक कोणी धरायचे, याचा विचार कारखान्यात कोणी केला नव्हता. हजेरीच्या वहीत त्यांची नावेच नव्हती. कांड्यांचा हिशोब नगावर होता. काम संपले, तसा हिशोबही संपला.

कात्री लावण्याआधी कड बांधायची असते, एवढी साधी गोष्ट. मागाला ती कळते. आपल्याला कळायला काय हरकत आहे?