भाच्याचा खेळायचा कॉम्प्युटर

गेल्या साली, म्हणजे २०२५ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, सवड काढून ये. बाप-लेकाचं चार दिवसांपासून बोलणं बंद हाय. बैलाच्या पूजेलाबी पोरगं पुढं आलं नाही."

बहीण चितेगावला दिली आहे. संभाजीनगरहून पैठणला जाताना हे गाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर गेले होते. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, पण आजूबाजूला लहानमोठे कारखाने आहेतच. आमचे दाजीही तरुणपणी त्या भागातल्या एका कारखान्यात टीव्ही जोडणीच्या लाइनवर बारा वर्षे होते. ते काम सुटल्यावर घरच्या चार एकरांत कापूस-तूर करू लागले.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. तीस वर्षे लोकांच्या बांधावर जाऊन खताची मात्रा आणि बियाण्याची निवड सांगत आलो. त्यामुळे घरातही कसला तंटा झाला, की मला बोलावणे येते. गेलो.

तंट्याचे कारण ऐकून मीही क्षणभर गप्प झालो. भाचा बारावी झाल्यावर आठ महिने एका कंपनीत पाळीने कामाला गेला होता. त्यातून त्याने छत्तीस हजार रुपये जमवले होते. दुधाच्या पैशातले नऊ हजार आईने देऊ केले होते. त्या पंचेचाळीस हजारांत त्याला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता.

दाजी ओसरीवर बसूनच म्हणाले, "पाव्हणं, तुम्हीच सांगा. खेळायला पंचेचाळीस हजार? पलीकडच्या वस्तीवरचं पोरगं मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडालं. तीच वाट धरायलाय हा."

दाजींची भीती खोटी नव्हती. म्हणून मी भाच्याला गोठ्यामागे नेले आणि विचारले, "खरं सांग. अभ्यासाला पाहिजे, की खेळायला?"

तो म्हणाला, "मामा, खेळायलाच. व्हिडिओचं काम बी शिकणार हाय, पण पहिलं खेळायला. खोटं कशाला सांगू? पण पैशाचा खेळ नाही. ती शपथ घ्यायला सांगा."

मंडळी, 'अभ्यासासाठी' असे सांगून पोरे काय काय पदरात पाडून घेतात ते आपण जाणतो. ह्याने खरे सांगितले, ते मला आवडले. मी दाजींना समजावले, की पैसे लावून खेळायचा खेळ वेगळा आणि हा वेगळा. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा त्याच आठवड्यात संसदेने मंजूर केला होता. दुसरीकडे, २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत कॉम्प्युटरच्या खेळांना पदके होती. म्हणून आपले पोर पदक आणील असे नाही. पण तालमीत जाणारे प्रत्येक पोर तरी हिंदकेसरी कुठे होते? स्वतःच्या कमाईतून, शेतातले काम सांभाळून खेळणार असेल तर खेळू द्यावे.

दाजी म्हणाले, "तुम्ही जामीन राहता का?" मी "राहतो" म्हणालो आणि अडकलो. कारण आता खरेदी नीट होणे माझ्या अंगावर आले.

रात्री भाच्याने यादी दाखवली. पंचेचाळीसपैकी सत्तावीस हजार एकट्या ग्राफिक कार्डाला! उरलेल्यात जुना प्रोसेसर, मेमरीची एकच पट्टी, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट आणि त्याच्याबरोबर 'फुकट' येणारा पॉवर सप्लाय. यूपीएसचे नाव नव्हते.

मला कॉम्प्युटरचे फारसे कळत नाही. पण यादी बघताच परभणीच्या कृषी विद्यापीठातला वर्ग आठवला. लीबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने १९ व्या शतकापासून एक नियम शिकवला जातो. पिकाची वाढ सगळ्यांत जे अन्नद्रव्य कमी असेल, त्याच्यावर ठरते. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असली, तर बाकीच्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते. जस्त कमी असलेल्या रानात युरियाची पोती ओतून कापूस वाढत नाही. तसेच मंद प्रोसेसरला महागडे कार्ड जोडले, तर कार्ड रिकामे बसून वाट बघते.

मग मी त्याला एकेक भाग समजावून सांगायला लावला. आपल्या घरांतून आज ना उद्या ही खरेदी व्हायचीच, म्हणून ते इथे देतो.

प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा कारभारी. ग्राफिक कार्ड पडद्यावरची चित्रे झरझर काढते, जड खेळाला ते लागतेच. मेमरी म्हणजे खळे. चालू काम त्यावर पसरलेले असते आणि वीज गेली की ते पुसले जाते. एसएसडी म्हणजे कणगी. तिथे ठेवलेले राहते. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर हे सगळे बसते ती पाटी, आणि पॉवर सप्लाय सगळ्यांना वीज वाटतो.

पहिली गोष्ट जुळणीची. पैठणकडच्या मोसंबीवाल्यांना सांगायला नको, की डोळा कोणत्याही खुंटावर चालत नाही. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचा खुंट बघूनच भरावा लागतो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ह्यांचेही तसेच. एएमडी कंपनीच्या एएम४ खोबणीचा प्रोसेसर एएम५ च्या बोर्डावर बसत नाही, आणि इंटेलच्या बोर्डावर तर नाहीच. मेमरीचीही डीडीआर४ आणि डीडीआर५ अशी जात वेगळी. दुकानात पाय ठेवण्याआधी ही नावे कागदावर लिहून घ्यावीत.

दुसरी गोष्ट मेमरीची. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या एका वेळी माल पुरवतात. एका बैलाने पाभर ओढण्यात आणि जोडीने ओढण्यात जो फरक, तोच हा.

तिसरी गोष्ट जुन्या मालाची. भाचा वापरलेले कार्ड घ्यायच्या विचारात होता. मधल्या काळात काही लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवून आभासी चलन काढत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या चलनाची पद्धत बदलली आणि तसली पुष्कळ कार्डे बाजारात विकायला आली. सगळीच खराब असतात असे नाही. पण बैलबाजारात आपण दात बघतो, चालवून बघतो. तसे वापरलेले कार्ड अर्धा तास जड खेळावर आपल्यासमोर चालवून बघावे, बिल आणि उरलेली वॉरंटी बघावी, नाहीतर नाद सोडावा.

आणि चौथी गोष्ट पॉवर सप्लायची. इथे मला माझीच चूक सांगावी लागली. २०१५ साली मी थोरल्या मुलीला इंजिनिअरिंगसाठी शहरातल्या एका दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता. दुकानदाराने चकचकीत डबा दाखवला. आत काय आहे हे मी विचारले नाही. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचा, असे गावोगाव सांगणारा मी, स्वतः डब्याच्या काचेला भुललो. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री वीज खालीवर झाली. हलका पॉवर सप्लाय जळाला, आणि जाताना बोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. मुलीचे तीन महिन्यांचे काम त्यात होते. ती रडली नाही. "असू द्या बाबा" एवढेच म्हणाली. ते मला अजून लागते.

हे बोलणे चालले असताना दाजी दारात येऊन कधी उभे राहिले ते कळले नाही. ते एकदम म्हणाले, "फुकटचा सप्लाय घ्यायचाच नाही. आमच्या लाइनवर सप्लायची पाटी वेगळी तपासल्याबिगर टीव्ही पुढं जात नव्हता." चार दिवसांत लेकाशी बोललेले ते पहिले वाक्य. पोराने बापाकडे पाहिले आणि विचारले, "मग कसा बघायचा, बाबा?"

त्यानंतर मामाची गरज अर्धी संपली. दाजींनी कागद ओढला. वॅटचा हिशेब मांडला. सप्लायवर 'एटी प्लस'चा शिक्का पाहिजे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के यंत्राला मिळते आणि बाकीचीच उष्णता होऊन जाते, हे पोराने सांगितले. घराला अर्थिंग धड नाही, हे दाजींनी सांगितले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. सगळे चांगले घ्यायचे तर कार्डाला पैसे उरत नव्हते. पोराचा चेहरा पडला. तेव्हा मी म्हणालो, "बाग एका सालात लावायचीच असं कुठं आहे? मुख्य पाइप पुऱ्या बागेच्या मापाचा टाक, झाडं ऐपतीप्रमाणं लाव." म्हणजे असा प्रोसेसर घ्यायचा, की ज्याच्या पोटातच साधे ग्राफिक आहे. हलके खेळ त्यावर चालतात. बोर्ड आणि सप्लाय मात्र पुढे कार्ड झेपेल असे घ्यायचे. कापूस आल्यावर कार्ड बसवायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिघे मिळून संभाजीनगरला गेलो. चार दुकाने फिरलो. आम्हाला पडलेले भाव असे: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ११,५००, बी५५० जातीचा मदरबोर्ड ८,५००, आठ-आठ जीबीच्या दोन मेमरी पट्ट्या ३,८००, पाचशे जीबीची एसएसडी ३,०००, साडेपाचशे वॅटचा पॉवर सप्लाय ४,२००, जाळीदार तोंडाचा साधा कॅबिनेट २,३००, मॉनिटर ७,५००, कीबोर्ड-माउस १,००० आणि यूपीएस ३,०००. एकूण ४४,८००. एका दुकानदाराने बिलाशिवाय स्वस्त देतो म्हटले. अठरा टक्के कर वाचतो खरा, पण वॉरंटी बिलावर असते. आम्ही पक्के बिल घेतले. उरलेल्या दोनशेची तिघांनी भजी खाल्ली आणि बहिणीसाठी बांधून घेतली.

घरी आल्यावर आधी अर्थिंग. दाजींनी परसात खड्डा खणून कोळसा-मीठ भरले, पाइप पुरला, मल्टिमीटर लावून खात्री केली. मग सतरंजीवर चादर अंथरून बाप-लेक जोडणीला बसले. प्रोसेसर खोबणीत अलगद ठेवताना पोराचा हात थरथरत होता. दाजी म्हणाले, "जोर लावू नको. जागेवर असला की आपसूक बसतो." बारा वर्षे लाइनवर काम केलेला तो हात मी पहिल्यांदाच कामात पाहिला. पहिल्या खेपेला पडदा उजळला नाही. मेमरीची एक पट्टी पुरती बसली नव्हती. ती दाबली, 'टक' असा आवाज आला आणि पडदा उजळला. बहिणीने हळदीकुंकू लावले.

पुढचे आपण जाणताच. सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यावर आभाळ फाटले. जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला, पैठणला गोदाकाठ पाण्याखाली गेला. दाजींचे रान नदीकाठी नाही, पण चार एकरांत आठवडाभर पाणी साचले. बोंडे सडली. ज्या कापसावर कार्ड यायचे, तो कापूसच राहिला नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा बहिणीने सांगितले, की पोराने पुन्हा पाळी धरली आणि कार्डासाठी साठवलेले आठ हजार हरभऱ्याच्या बियाण्याला आणि नांगरटीला काढून दिले. मी त्याला विचारले, "कार्डाचं काय?" तो म्हणाला, "बोर्डावर त्याची खाच मोकळी हाय, मामा. ती कुठं पळून जात नाही." पहिल्या यादीप्रमाणे सगळे पैसे एका कार्डात घातले असते, तर आज घरात महाग कार्ड आणि रडतखडत चालणारे यंत्र राहिले असते. वर, २०२५ संपता संपता मेमरीचे भाव दुपटीहून वर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीच्या चिपा उचलल्या, म्हणून. भाव फक्त कांद्याचेच नाचतात असे नाही.

आता विजेचे. घरोघर हा प्रश्न विचारतात म्हणून सांगतो. पुढे कार्ड बसवले तरी जड खेळाला तीनशे वॅटच्या आसपास धरा. तीन तासांना एक युनिटही होत नाही. आपला पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला पावणेचार युनिट खातो. कार्ड बसवल्यावर मात्र सहाशे व्हीएचा यूपीएस अपुरा पडतो, हजाराचा घ्यावा. आणि महिन्यातून एकदा डबा उघडून धूळ झाडावी. कापसाचे तंतू पंख्यात अडकले की यंत्र तापते.

तेव्हा मंडळी, घरातले पोर असे काही मागू लागले, तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम पैसेही देऊ नका. यादी मागा. एकेक भाग कशाला, ते त्याच्याकडून समजून घ्या. आपल्याला कळत नसले तरी विचारावे. विचारता विचारता आपल्याला ठाऊक असलेले काहीतरी त्यात निघते.

शेती करायचाही एक खेळ आहे. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने २००८ साली काढलेला. त्यातला जुना, हलका भाग भाच्याच्या यंत्रावर चालतो. परवा संध्याकाळी गेलो, तर चष्मा लावून दाजीच बसले होते. पडद्यावर मोठा ट्रॅक्टर सरळ तास काढत चालला होता. मला बघून ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "पाव्हणं, रान बरं दिसतंय. पण ह्याच्यात पंचनाम्याला कोण येतंय, ते काही सापडंना."