गाडीखालची यतना

यतना हा शब्द जैन घरात पाणी गाळण्यापासून सुरू होतो आणि बहुधा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच थांबतो. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात मात्र चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, जेवणे आणि बोलणे या सर्वच क्रियांना यतनेची अट घातलेली आहे. बदनापूरच्या एका आडत व्यापाऱ्याला त्यांतील ‘झोपणे’ या क्रियेचा अर्थ साठीनंतर उमगला, आणि तोही स्वतःच्या अंगणात, गाडीखाली.

बदनापूर हे जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यानचे गाव. येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या तुरीच्या अनेक वाणांची नावेच मुळी ‘बीडीएन’ या अक्षरांनी सुरू होतात. अशा गावात तुरीचे नमुने, हिशेबाच्या वह्या आणि घरातील माणसे या साऱ्यांची वाहतूक या गृहस्थांची जुनी ओम्नी वर्षानुवर्षे करीत आली. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. यांची गाडी मात्र चालूच राहिली. तिचे तेल बदलणे, सैल झालेले नट आवळणे ही कामे ते रविवारी घरीच करीत. त्यामागे काटकसर होती, पण तेवढीच नव्हती. ज्या वस्तूवर कुटुंब विसंबून आहे ती आपल्याला आतून ठाऊक असावी, हा पेढीवरचाच नियम त्यांनी गाडीलाही लावला होता.

गाडीखाली ते थेट खडीवर पाठ टेकून झोपत. सतरंजी घ्या असे कोणी सुचविले, तर देहाचे इतके लाड कशाला, असे म्हणत. सहा बाह्य तपांत कायक्लेशाची गणना आहे खरी. परंतु तप समजून उमजून, समभावाने करायचे असते. येथे समभाव कोठला? मान अधांतरी, डोळ्यांत माती, वर धरलेल्या हातांना मुंग्या. अशा अवस्थेत शेवटचा नट अंदाजाने आवळला जाई आणि कसेबसे काम उरकून बाहेर पडण्याची घाई होई. एके दिवशी पत्नीने सहज विचारले, “अहो, पेढीवर हिशेब चुकू नये म्हणून गादी-तक्क्या लागतो ना? मग इथली चूक काय स्वस्तात पडणार आहे?” त्यांनी ते हसण्यावारी नेले.

पुढे एका आषाढात उत्तर मिळाले. रात्री पाऊस पडून गेला होता. त्यांनी गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलली आणि पाना आणण्यासाठी ते ओसरीवर गेले. तेवढ्यात भिजलेल्या काळ्या मातीत जॅकचा तळ एका बाजूने खचला, जॅक कलंडला आणि गाडी दणकन खाली बसली. गाडीखाली कोणी नव्हते. सुमारे आठ क्विंटल वजन! शंभर किलोंची आठ पोती छातीवर पडणे म्हणजे काय, हे मोंढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवशी ते बराच वेळ ओसरीवर नुसते बसून राहिले.

त्यानंतर अंगणाच्या एका कोपऱ्यात सपाट, भक्कम काँक्रीट झाले. शहाबादी फरशी एका जागी आलेल्या भाराने तडकते, म्हणून ती टाळली. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागी दोन लोखंडी जॅक स्टँड लागू लागले. हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आले. गाडी हलवून पाहिल्याखेरीज खाली जायचे नाही आणि घरातील एकाला सांगितल्याखेरीज तर नाहीच, असा नियम ठरला.

मग सतरंजीचीही पाळी आली. खाली जाड बारदानाची घडी, तिच्यावर सतरंजी आणि मानेखाली लहान उशी. डोळ्यांना चष्मा. पाने उजव्या हाताशी, ओळीने. वेळ सकाळची, उन्हे चढण्यापूर्वीची. इंजिन व सायलेन्सर निवल्यावरच हात घालायचा. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचे नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन बसायचे, पाणी प्यायचे, हात मोकळे करायचे.

देहाला स्वस्थता मिळाली, तशी नजरही स्थिर झाली. गाडीच्या सावलीत मांजरीची पिले निजतात, चाकाच्या कडेने मुंग्यांची रांग जाते, हे त्यांना आता दिसू लागले. सतरंजी अंथरण्यापूर्वी जागा मऊ केरसुणीने हलकेच पुंजली जाऊ लागली. रात्री दिव्यावर कीटक येतात, म्हणून काम दिवसाउजेडीच. जे थांबू शकते ते चातुर्मासानंतर. काढलेले काळे तेल पूर्वी कुंपणाशी ओतले जाई. आता ते डब्यात साठवून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे जाते. मातीत मुरलेले तेल किती जीवांना बाधते, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?

सुखसोय आणि यतना या दोन गोष्टी एकच नव्हेत. परंतु दुखणारी पाठ आणि अवघडलेली मान माणसाला स्वतःपुरते पाहायला लावते, आणि जो स्वतःपुरते पाहतो त्याच्या हातून यतना सुटते. आपल्या कुटुंबांत कष्ट सोसण्याचे कौतुक फार आहे आणि ते योग्यही आहे. तथापि सोसणे कोठे संपते आणि निष्काळजीपणा कोठे सुरू होतो, ही रेघ प्रत्येकाने आखून घेतली पाहिजे. गाडीखाली गेलेल्या माणसाची घरात कोणीतरी वाट पाहत असते. त्याने अंथरलेली सतरंजी त्या माणसासाठीही असते.